पुंजाजीचा भोंगा

"आपला हरिओम कायले हाय मंग?" असं वडील, अर्जुनराव, अंगणात म्हणाले की वरच्या खोलीत बसलेला हरिओम टेबलावर जागा करायला लागायचा. कारण त्यानंतर थोड्याच वेळात जिन्यावरून एखादी वस्तू वर यायची. कधी कोणाचा मिक्सर, कधी मोटारीचा स्टार्टर, कधी टीव्हीचं डबडं. एकदा तर शेजाऱ्यांची शेळी आली होती. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये चढत नव्हता. शेळी खालीच बांधून नुसता नंबर आणला असता तरी चाललं असतं, पण अर्जुनरावांना अर्धवट काम आवडत नाही.

देऊळघाटात हरिओम म्हणजे कम्प्युटरचा माणूस. पुण्याची कंपनी घरून काम करू देते म्हणून तो गावी आला, बायकोला, रुपालीला, बुलढाण्यात शाळा मिळाली, सगळं झकास जमलं. आता कम्प्युटरच्या माणसाला वायर असलेली कोणतीही वस्तू दुरुस्त करता येते, हे गावात कोणी बसून ठरवलं नव्हतं. ते सगळ्यांना आपोआपच माहीत होतं.

गंमत म्हणजे कंपनीलाही तसंच वाटायचं. हरिओमला खरं तर एकच गोष्ट नीट येत होती. दुसऱ्यानं बनवलेलं ॲप घ्यायचं, पहिल्या बटणापासून शेवटच्या बटणापर्यंत सगळं दाबून पाहायचं आणि कुठं फाटतं ते सांगायचं. टेस्टिंग. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण कंपनी म्हणाली, नुसतं टेस्टिंग काय करतोस, जावा शीक. शिकला. तोवर जावा सगळ्यांनाच यायला लागलं, म्हणून पायथन. पायथन गळ्याखाली उतरतंय तोच क्लाउड. क्लाउड एक असेल असं बिचाऱ्याला वाटलं होतं, तर ते तीन कंपन्यांचे तीन निघाले. मग सिक्युरिटी, मग डेटा. हे सगळं डोक्यात कसंबसं कोंबून झाल्यावर कंपनीनं कळवलं की हे सगळं आता एआय करतं, तुम्ही त्याच्याकडून काम करून घ्यायला शिका. प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट यायचं आणि आई, सत्यभामाबाई, ते देवघरात लावायच्या. देव आता जरा मागं सरकले होते.

दर सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रतिमा मॅडम एकेकाला विचारायच्या, "हे येतं ना तुला?" जे "नाही" म्हणाले ते पुढच्या एखाद्या सोमवारी पडद्यावर दिसेनासे झाले. कोणी काही बोललं नाही, फक्त चौकटी कमी झाल्या. तेव्हापासून हरिओमच्या तोंडून "येत नाही" हे शब्द निघणंच बंद झालं. घरातसुद्धा. रुपालीनं विचारलं, "आज साबुदाण्याची खिचडी तुम्ही करता का, येते का?" तरी तो "हो" म्हणायचा आणि ओट्याशी उभा राहून मोबाइलवर बघत बसायचा.

तर अशा या घरी त्या रविवारी सिंधूताई आल्या. अर्जुनरावांच्या थोरल्या बहीण, गावातच दिलेल्या. त्यांचे यजमान पुंजाजी होळीच्या आधी गेले. दोघं मिळून भाजीची हातगाडी फिरवायचे, पुंजाजी पुढून ओढायचे, सिंधूताई मागून ढकलायच्या. गाडीला एक भोंगा बांधलेला. त्यात भरून ठेवलेली आरोळी दिवसभर फिरून फिरून वाजायची, वांग्यांपासून सांभारापर्यंत, म्हणजे कोथिंबिरीपर्यंत. "या हो ताई, या हो माई! भरताचे वांगे, गवार, भेंडी, सांभार घ्या सांभार!" माणूस गेला, भोंगा राहिला. सिंधूताई रिकाम्या घरात तो लावून बसायच्या. आजूबाजूच्या बाया ऐकून डोळ्याला पदर लावायच्या, आणि नवीन आलेली एखादी सून मात्र पिशवी घेऊन बाहेर पडायची.

"आवाज फाटून राह्यला रे याचा," सिंधूताई भोंगा मांडीवरून खाली न ठेवता म्हणाल्या. "नुसती घरघर. उद्यापासून गाडी काढीन म्हनते. पन याच्याबिगर माह्यं पाऊल नाही उठत."

"आपला हरिओम कायले हाय मंग?" अर्जुनराव म्हणाले आणि जिन्याकडे तोंड करून गरजले, "हरिओम! खाली ये बे!"

हरिओम आला. सिंधूताईंनी भोंगा पुढं केला आणि परत छातीशी घेतला. "बाबू, त्यायचं एवढंच उरलं हाय माह्याजवळ. येत असन तंच हात लावजो. नसन येत तं तसं सांग. घरघर तं घरघर, मी तशीच ऐकीन."

हरिओमनं भोंग्याकडे पाहिलं. असली वस्तू त्यानं जन्मात कधी उघडली नव्हती. तोंड उघडलं, शब्द अगदी जिभेपर्यंत आला.

"येते ना त्याले!" अर्जुनराव म्हणाले. "देवघर पाह्यलं नाही का तू, बाई? देव दिसून नाही राह्यले!"

"येते, आत्या," हरिओम म्हणाला.

सिंधूताई भोंगा त्याच्या हातात देऊन घरी गेल्या. आता नशीब असं की दुखणं अगदी किरकोळ निघालं. बॅटरीच्या पट्टीवर हिरवा गंज चढला होता. हरिओमनं तो पॉलिश पेपरनं घासून काढला. इथं त्यानं भोंगा बंद करून खाली नेऊन दिला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि सिंधूताईही सुखात असत्या. पण हात टेस्टिंगवाल्याचा. एखादं बटण न दाबता वस्तू परत द्यायची म्हणजे पाप. त्यानं आवाजाचं बटण फिरवलं, सायरनचं दाबलं, खाली कुत्री भुंकली. शेवटी एक लाल बटण उरलं. तेही दाबलं. भोंग्यानं "टूं" केलं.

"हॅलो?" हरिओम म्हणाला. "हे काय करते बे?"

पुन्हा दाबलं. पुन्हा "टूं". मग त्यानं वाजवायचं बटण दाबलं आणि भोंगा खणखणीत आवाजात म्हणाला, "हॅलो? हे काय करते बे? हॅलो? हे काय करते बे?"

खालून अर्जुनराव आनंदानं ओरडले, "वा रे पठ्ठ्या! काय कडक आवाज येऊन राह्यला! फाटून नाही राह्यला आता! मी जाऊन बाईले सांगतो का झालं म्हनून!"

"बाबा, थांबा..." पण चपला वाजल्या, फाटक वाजलं.

हरिओमनं पुन्हा वाजवून पाहिलं, पुंजाजींची आरोळी कुठंच नव्हती. लाल बटण दाबलं की जुनं पुसून नवं भरतं, हे भाजीवाल्यांना, भंगारवाल्यांना आणि गावातल्या अर्ध्या पोरांना माहीत असतं. ते कोणत्याच कोर्सला नव्हतं. त्यानं भोंगा उलटासुलटा केला. ना कार्ड, ना लॅपटॉपला जोडायला छिद्र. एआयला विचारलं. एआयनं न दमता भराभर उपाय सांगितले, त्यातल्या प्रत्येकासाठी आधी आणखी काहीतरी शिकावं लागणार होतं. सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं, संबंधित व्यक्तीशी मोकळेपणानं बोला. एवढा एक सोडून हरिओमनं बाकीचे सगळे उपाय करून पाहिले.

दुपारी त्याला सुधाकरकाका आठवले. पलीकडच्या गल्लीत त्यांची पीठगिरणी. डोक्याचे केस पांढरे की पीठ, हे कोणाला सांगता येत नाही. माणूस पन्नाशीचा, पण अंगात शाळा सुटल्याचा आनंद. लग्नात व्याह्यांचा आवाज काढून पंगत बसवणं आणि नवरदेवाच्या मामाचा आवाज काढून ती उठवणं, ही त्यांची ख्याती. सगळं ऐकून ते इतके हसले की गिरणीचा पट्टा बंद करावा लागला.

"पुंजाजीचा आवाज पाह्यजे ना तुले? मी काढतो ना बे!"

"काका, आत्या रोज ऐकते तो आवाज. रोज."

"पाह्य तं खरं तू."

वरच्या खोलीत दार लावून दोघं बसले. सुधाकरकाकांनी घसा खाकरला, एक हात कानाला लावला आणि लाल बटण दाबलं. "या हो ताई, या हो माई! भरताचे वांगे, गवार, भेंडी, सांभार घ्या सांभार!" हरिओमनं दाराकडे वळून पाहिलं, पुंजाजीच आले की काय. हुबेहूब. एका फटक्यात. 'सांभार'वरचा तो हेलसुद्धा तसाच.

"जमलं का काका?"

"जमलं म्हंजे? पुंजाजी सोता वरतून उतरून पावशेर भेंडी नेईन!"

"बटन बंद करा ना मंग."

"बोलनं थांबलं का ते आपोआप बंद होते," काका अगदी खात्रीनं म्हणाले. "मले शिकवून राह्यला का?"

हरिओम भिंतीला टेकला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला धड श्वास घेता आला, आणि श्वासाबरोबर बाकीचंही बाहेर पडलं. "काका, खरं सांगू का, मले काहीच येत नाही. भोंग्यातलं बी नाही आन कंपनीतलं बी नाही. एक शिकतो तं दुसरं येऊन उभं राह्यते. सगळ्यायले हो म्हनतो आन दार लावून घोकत बसतो. छाती धडधड करते नुसती."

"मंग सांगून टाक ना बे."

"सांगितलं तं काढून टाकतीन. आन आता हे. आत्याले समजन का?"

काका काहीतरी म्हणाले. भोंगा "टूं" म्हणाला. जागा भरली की तो आपला आपण थांबतो, एवढं मात्र खरं.

"एकदा शेवटपर्यंत वाजवून पाहू," हरिओमनं बटण दाबलं. "या हो ताई..." एवढं वाजलं आणि लॅपटॉप किणकिणला. कंपनीचा निरोप, उद्याच्या मीटिंगआधी कोणाला काय काय येतं ते भरून पाठवा, आत्ताच्या आत्ता. हरिओमनं भोंगा बंद केला आणि तिकडे वळला. अख्ख्या जगात त्याला जे एकच काम नीट येत होतं, तेवढं त्यानं केलं नाही. अर्जुनरावांनी येऊन भोंगा उचलला आणि बहिणीकडे पोहोचता केला.

सोमवारी सकाळी मीटिंग भरली. हरिओमनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली पायजमा. प्रतिमा मॅडम म्हणाल्या, "नवीन प्रोजेक्टमध्ये सगळी टेस्टिंग एआय एजंट करणार आहेत. ते उभे करायचे, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, बिघडले तर दुरुस्त करायचे. हरिओम, हे तुला येतं ना?"

हरिओमनं माइक उघडला. "हो मॅडम, म्हणजे मी त्यावर..."

"या हो ताई, या हो माई!" खिडकीखालून भोंगा कडाडला. पडद्यावरच्या चौकटी हसल्या. एक जण म्हणाला, "सर, अर्धा किलो वांगी आमच्यासाठी पण." हरिओमही हसला. आवाज कसा मस्त लागला होता! आणि मग 'सांभार'नंतर काकांची बढाई वाजली आणि तिच्या मागोमाग, त्याच कडक आवाजात, गल्लीतून आणि माइकमधून पुण्यापर्यंत गेलं, "काका, खरं सांगू का, मले काहीच येत नाही."

चौकटी हसायच्या थांबल्या.

"भोंग्यातलं बी नाही आन कंपनीतलं बी नाही. सगळ्यायले हो म्हनतो आन दार लावून घोकत बसतो."

माइक बंद करायचं बटण कोणतं, ते हरिओमला त्या वेळी सापडलं नाही. गाडी खिडकीखालीच उभी होती. छाती धडधडते हेही गेलं, काढून टाकतीन हेही गेलं. मग आरोळी पुन्हा पहिल्यापासून.

"हरिओम," प्रतिमा मॅडम हळूच म्हणाल्या, "हा तुझा आवाज आहे का?"

"हो मॅडम," हरिओम म्हणाला आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून पायजम्यावर जिना उतरला.

गाडी तोवर मराठी शाळेजवळच्या निंबाखाली गेली होती. भोवती बायांचा गराडा. गल्लीतल्या बेबीताई हातात गवार धरून हसून लाल झाल्या होत्या. "सिंधूताई, आज भाजीसंग तमाशा बी देऊन राह्यल्या का? कोणाची छाती धडधड करते व?" तेवढ्यात गिरणीतून सुधाकरकाका धावत आले. त्यांना तर हसू आवरत नव्हतं.

सिंधूताई मात्र गाडीमागे भाजी तोलत होत्या. हरिओम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आत्या, बंद कर ते. माह्याकडून चुकलं. पुंजाजीमामांचा आवाज पुसल्या गेला. हा त्यायचा नाही, हा..."

"सुधाकरचा हाय," सिंधूताई म्हणाल्या. "माहीत हाय मले. आधीचा बी त्याचाच होता."

हरिओमनं काकांकडे पाहिलं. काका पोट धरून खालीच बसले. "अरे, पुंजाजीले भोंग्यासमोर उभं केलं का त्याची दातखीळ बसे! वांग्याचं नाव आठवे ना त्याले! मंग मीच भरून देल्ला होता. तू आला काल रडत, म्हनलं पाहू पोरगं किती घाबरते तं!"

बाया खो खो हसल्या. हरिओमही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "म्हंजे गेलं काहीच नाही! आत्या, मंग काही गेलंच नाही ना!"

"गेलं," सिंधूताई म्हणाल्या.

भोंगा वाजतच होता. त्यांनी आवाज थोडा कमी केला.

"तवा बी सुधाकरचं ओरडून झालं, आन यानं बटन नाही बंद केलं. तं माहे मालक बाजूले उभे होते, त्यायनं इचारलं, 'झालं का?' आन दाबलं. तेवढं भरल्या गेलं. बारीक होतं, कोणाले ऐकू नाही ये. इतकी वर्सं याचं पुरं ओरडनं झालं का ते इचारत, 'झालं का?' आन मी मागून म्हनो, 'झालं', आन गाडी ढकलो. ते गेल्यावर घरात बसून बी म्हनो."

सुधाकरकाकांनी बसल्या जागी टोपी काढली, झटकली, परत घातली. पीठ उडालं. बेबीताईंनी हातातली गवार गाडीवर ठेवली.

"वहिनी," काका म्हणाले, "आईशप्पथ, मले नव्हतं माहीत त्याच्यात ते हाय म्हनून." एवढ्या वर्षांत त्यांचा स्वतःचा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला असावा.

"आत्या, तू काल शेवटपर्यंत ऐकला?" हरिओमनं विचारलं.

"हाव. एकटीनं ऐकला. पह्यले 'झालं का' सोधलं. नाही भेटलं. मंग तुहा आवाज आला."

"मंग गल्लीत काऊन लावला, आत्या?"

"तुह्या खिडकीखाली उभी राह्यली ना मी. म्हनलं वरतून काही सांगत नाही हा, आवाज ऐकून तं खाली येईन."

हरिओमच्या खिशात फोन थरथरायला लागला. पडद्यावर प्रतिमा मॅडमचं नाव. त्यानं पाहिलं आणि तसाच परत ठेवला.

"घे ना, साहेबीनबाईचा असन," सिंधूताई म्हणाल्या.

"काय इचारतीन ते माहीत हाय. उत्तर पोचलं त्यायले." गाडीचा दांडा धरून तो म्हणाला, "आत्या, ते परत आनता येत नाही. मले येत नाही. कोणालेच येत नाही."

तयारी न करता बोललेलं हे त्याचं कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य होतं. सिंधूताईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हेच काल अंगनात म्हनला असता, बाबू," त्या म्हणाल्या, "तं मी भोंगा तसाच परत घेऊन गेली असती."

बायांनी आपापली भाजी निवडायला घेतली, कोणी भाव केला नाही. काकांनी उगाच भेंडीची जुडी नीट लावली. भेंडीची जुडी नसते हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

"पुसून देऊ का हे?" हरिओमनं विचारलं. "काका नुसतं वांग्याचं भरून देतीन. साफ. मी शेवटपर्यंत ऐकून देतो या वक्ती."

"राहू दे," सिंधूताई म्हणाल्या. "घरात कोणीच काही इचारत नाही आता. हा भोंगा तं इचारते."

त्यांनी आवाज वाढवला आणि पदर खोचला. फोन थरथरून थांबला, परत थरथरला. हरिओम पुढं झाला आणि त्यानं गाडीचं पुढचं टोक धरलं. इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. वांगे झाले, गवार झाली, भेंडी झाली, सांभार झाला. छाती धडधडून झाली. मग निंबाखालून भोंग्यानं हरिओमच्या आवाजात विचारलं, "आत्याले समजन का?"

"समजलं," सिंधूताई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी ढकलली.